‘क्वेरी यशस्वी’ म्हणजे नेमकं काय झालं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टेरी टॉवेल कारखान्याचं उदाहरण घेऊ. ‘माल’ नावाच्या टेबलमध्ये ४१८ नंबरच्या लॉटच्या १२ ओळी आहेत, रंग आणि साइजप्रमाणे वेगवेगळ्या. सुताचा भाव वाढला म्हणून डझनामागे १,१५० रुपयांचा दर १,२१० करायचाय. ऑफिसातला माणूस अपडेट क्वेरी (डेटाबेसला ओळी बदलायला सांगणारी आज्ञा) लिहितो, चालवतो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी येते: ‘क्वेरी यशस्वी’. दोन सेकंदांत पट्टी निघून जाते.

वेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) लिहायचं राहिलं असेल, तर टेबलमधल्या सगळ्या १,८४२ ओळींचा दर १,२१० झालाय. पट्टी हिरवीच. लॉट नंबर टाइप करताना चुकला असेल, तर एकही ओळ बदललेली नाही. पट्टी हिरवीच. बाराच्या बारा ओळी बदलल्या पण कमिट (बदल कायमचे पक्के करणं) व्हायचंय, तरी पट्टी हिरवीच. सर्व्हरच्या लेखी ‘यशस्वी’ याचा अर्थ एवढाच, की क्वेरीची रचना बरोबर होती, परवानगी होती आणि मध्ये अडथळा आला नाही. क्वेरी चालवणाऱ्याला मात्र पुढचं ठरवायचं असतं: नव्या दराने बिलं काढायची की थांबायचं. ते ठरवायला त्याच्यापुढे फक्त ती एक ओळ असते. म्हणून ती ओळ नीट लिहिणं हे टूलमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे असं माझं ठाम मत आहे. हा लेख सोलापुरात कारखाने, अडत दुकानं, पतसंस्था यांच्यासाठी असे स्क्रीन बनवणाऱ्यांसाठी आहे, आणि तयार टूल वापरणाऱ्यांसाठीही.

आकडा कुणाचा, कशाचा

वरचीच क्वेरी मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरच्या काळ्या खिडकीत (आज्ञा टाइप करायच्या साध्या स्क्रीनवर) चालवली आणि बारापैकी तीन ओळींचा दर आधीच १,२१० असेल, तर उत्तर असं येतं: क्वेरी ओके, ९ रोज अफेक्टेड. त्याखाली: मॅच्ड १२, चेंज्ड ९, वॉर्निंग्ज ०. म्हणजे अटीत १२ बसल्या, खरोखर ९ बदलल्या. हेच पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरला विचारलं तर तो ‘अपडेट १२’ म्हणतो, कारण मूल्य तेच असलं तरी तो ओळीची नवी आवृत्ती लिहितो आणि ती मोजतो. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरसुद्धा १२ म्हणतात.

घोळ इथून सुरू होतो. मायएसक्यूएलशी जोडणी करताना एक फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) असतो, फाउंड रोज नावाचा. तो लावला तर अटीत बसलेल्या ओळींचा आकडा मिळतो, न लावला तर बदललेल्यांचा. काळी खिडकी आणि पीएचपी तो फ्लॅग आपणहून लावत नाहीत. जावाचा कनेक्टर-जे हा ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) लावतो. त्यातली ‘यूज अफेक्टेड रोज’ ही सेटिंग मुळात बंद असते. त्यामुळे एकाच डेटाबेसवर, एकाच क्वेरीला, दोन टूल दोन आकडे दाखवतात आणि दोन्ही खरे असतात. ‘तुमच्याकडे १२ कसे, माझ्याकडे ९ का’ हा वाद ऑफिसात यावरूनच होतो. टूल आपलं असेल तर दोन्ही आकडे लिहावेत: ‘१२ ओळी सापडल्या, ९ बदलल्या, ३ आधीपासून तशाच होत्या.’ ‘परिणाम झालेल्या ओळी’ हा शब्दप्रयोग मी मराठी स्क्रीनवर ठेवतच नाही. परिणाम म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

याहून फसवा आकडा ‘इन्सर्ट, आणि असेल तर अपडेट’ या प्रकारच्या क्वेरीत येतो. कांद्याच्या अडत दुकानात बाजार समितीच्या वजनाची फाइल रोज भरली जाते असं धरा. फाइलमध्ये १०० पावत्या, त्यातल्या ६० नव्या, ४० आधीच्या पण वजन सुधारलेल्या. मायएसक्यूएल नव्या ओळीला १ मोजतो, सुधारलेल्या ओळीला २ मोजतो, आणि ओळ आधीपासून तशीच असेल तर ० मोजतो. म्हणजे उत्तर येईल ६० अधिक ८०, एकूण १४०. शंभर ओळींच्या फाइलला ‘१४० ओळी अपडेट झाल्या’ असं स्क्रीनवर दिसलं की दिवाणजी घाबरतो आणि फाइल पुन्हा भरतो. त्यात काही ओळी न बदललेल्याही असतील, तर त्या एका आकड्यावरून नव्या किती, सुधारलेल्या किती हे उलगडतही नाही. अशा ठिकाणी सर्व्हरचा आकडा सरळ बाजूला ठेवावा. फाइल आधी तात्पुरत्या टेबलमध्ये घ्यावी, मूळ टेबलशी जोडून नव्या, बदललेल्या आणि जशाच्या तशा अशा तीन मोजण्या स्वतः कराव्यात आणि त्या दाखवाव्यात. रिप्लेस वापरत असाल तरी हेच. तो जुनी ओळ काढून नवी घालतो आणि दोन्ही मोजतो.

आणि कधी आकडा उणे एक येतो. जावाच्या स्टेटमेंटमध्ये ‘अपडेट काउंट’ची किंमत उणे एक आली की तिचा अर्थ असतो ‘आता आणखी निकाल नाही’ किंवा ‘हा आकड्याचा निकालच नाही’. डॉटनेटमध्ये एसक्यूएल सर्व्हरला ‘नो काउंट’ (ओळींचा आकडा कळवू नको, ही सेटिंग) चालू करून काही चालवलं की तोच उणे एक परत येतो. पायथनच्या कर्सरवरही (क्वेरी चालवून निकाल देणाऱ्या ऑब्जेक्टवरही) मोजता येत नसलं की रोकाउंट (ओळींचा आकडा) उणे एक असतो. टूलने तो आकडा तसाच वाक्यात चिकटवला की ‘-१ ओळी बदलल्या’ असं छापलं जातं. उणे एक म्हणजे आकडा उपलब्ध नाही. तिथे ‘क्वेरी पूर्ण, किती ओळी बदलल्या ते सर्व्हरने सांगितलं नाही’ असं स्पष्ट लिहावं.

एसक्यूएल सर्व्हरवर ट्रिगर (टेबल बदललं की आपोआप चालणारा कोड) असतील तर एका अपडेटला ‘रोज अफेक्टेड’ची दोन-तीन वाक्यं येतात: एक मूळ टेबलचं, बाकीची ट्रिगरने लिहिलेल्या लॉग टेबलची. शेवटचं वाक्य आपलं असं टूलने धरलं तर आकडा चुकतो. ट्रिगरच्या पहिल्या ओळीत ‘नो काउंट’ चालू करणं हा यावरचा सरळ उपाय.

शून्य

शून्य ओळी म्हणजे चूक नव्हे, पण बदलाच्या क्वेरीला शून्य आलं तर तो निकाल हिरवा दाखवू नये. सिलेक्टचं (नुसत्या ओळी वाचणाऱ्या क्वेरीचं) शून्य आणि अपडेटचं शून्य वेगळं आहे. ‘आज एकही पावती बाकी नाही’ हे सिलेक्टचं शून्य आनंदाचं असू शकतं. अपडेट करायला निघालेल्या माणसाला मात्र काहीतरी बदलायचं असतं, आणि ते बदललेलं नाही. मी तिथे पिवळा रंग आणि ‘अटीत एकही ओळ बसली नाही’ हे वाक्य वापरतो. रंगाबरोबर शब्द हवाच, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं कमी नाहीत.

मराठी मजकुराच्या डेटाबेसमध्ये शून्य येण्याची काही खास कारणं आहेत आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. ‘पांढऱ्या चादरी’ हे शब्द शोधा. यातलं ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी साठवलेलं असतं. एका कीबोर्डवर ते नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने येतं, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण बाइट वेगळे असल्यामुळे बरोबरीची अट बऱ्याचदा फसते. तसंच आकड्यांचं. लॉट नंबर मजकुराच्या कॉलममध्ये असेल आणि निम्म्या नोंदी मराठी आकड्यांत, निम्म्या इंग्रजी आकड्यांत असतील, तर पोस्टग्रेस त्यांना वेगळंच समजतो. शेवटी राहिलेली मोकळी जागा हे तिसरं नेहमीचं कारण. शून्य आल्यावर टूलने दिलेल्या मूल्याची अक्षरसंख्या आणि बाइटसंख्या दाखवली तर हे पटकन पकडता येतं. ‘सोलापूर’ या शब्दात ७ अक्षरचिन्हं आहेत (स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र) आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे २१. कॉलममधल्या ‘सोलापूर’ची लांबी ८ आणि २२ दिसली, तर कुठेतरी एक मोकळी जागा शिरलीय हे लगेच कळतं. मायएसक्यूएलमध्ये ‘लेंग्थ’ बाइट मोजतो आणि ‘कॅर लेंग्थ’ अक्षरचिन्हं मोजतो. दोन्ही शेजारी ठेवा.

पक्कं झालं का?

टॉवेलचा दर बदलला, स्क्रीनवर ‘१२ ओळी बदलल्या’ असं आलं, आणि डिस्पॅचच्या टेबलावरच्या माणसाला अजून १,१५० च दिसतोय. ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप कमिट) बंद आहे, कमिट राहिलंय. इतकंच नाही, तर तो डिस्पॅचवाला त्याच ओळी सुधारायला गेला तर त्याची क्वेरी लॉकवर (कमिट होईपर्यंत त्या ओळींना लागलेल्या कुलपावर) अडकून राहील, आणि त्याच्या स्क्रीनवर फक्त चक्र फिरत राहील. एक जण कमिट न करता जेवायला गेला की दुसऱ्याचं काम थांबतं.

म्हणून बदलाचा आकडा आणि त्याची अवस्था एकाच वाक्यात यायला हवी: ‘१२ ओळी बदलल्या, कमिट बाकी.’ आणि कमिट होईपर्यंत खिडकीच्या एका पक्क्या जागी, न हलता, न विरघळता, ‘कमिट बाकी: १२ ओळी, ६ मिनिटं झाली’ असं दिसत राहायला हवं. मिनिटं महत्त्वाची आहेत. त्यावरून लॉक किती वेळ धरून ठेवलंय ते कळतं.

पोस्टग्रेसची काळी खिडकी हे दोन चिन्हांत सांगते. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडी असेल तर प्रॉम्प्टमध्ये (टाइप करायच्या जागेआधीच्या खुणेत) तारा (*) येतो, ती बिघडली असेल तर उद्गारचिन्ह. हे बिघडणं समजून घेण्यासारखं आहे. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या मध्ये एक जरी क्वेरी चुकली तरी पुढच्या सगळ्या क्वेऱ्या नाकारल्या जातात; त्या नकाराचा कोड २५पी०२. आता माणूस सवयीने कमिट देतो. पोस्टग्रेस चूक दाखवत नाही. तो गप्पपणे सगळं मागे घेतो आणि उत्तरादाखल ‘रोलबॅक’ हा शब्द पाठवतो. कमिट विचारलं, उत्तर रोलबॅक आलं. जे टूल हा उत्तराचा शब्द वाचतच नाही आणि ‘चूक आली नाही ना, मग झालं’ असं धरतं, ते ‘कमिट यशस्वी’ लिहितं आणि सगळं काम गेलेलं असतं. टूल लिहिणाऱ्याने सर्व्हरकडून आलेला कमांड टॅग शब्दशः वाचावा आणि कमिटच्या जागी दुसरं काही आलं तर लाल अक्षरांत सांगावं: ‘आधीच्या चुकीमुळे सगळे बदल रद्द झाले.’

उलट बाजूही आहे. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये टेबलची रचना बदलणारी आज्ञा आपोआप कमिट करते. दर बदलले, कमिट बाकी होतं, मधेच ‘जीएसएम’ (कापडाचं दर चौरस मीटर वजन) नावाचा नवा कॉलम घातला, की त्या क्षणी दरही पक्के झाले. रोलबॅकचं बटण नंतर दाबलं तरी काही मागे येत नाही. टूलला हे आधीच माहीत असतं, म्हणून आज्ञा चालवण्यापूर्वी ‘याने बाकी असलेल्या १२ ओळीही कमिट होतील’ असं विचारणं त्याला अवघड नाही. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लस या काळ्या खिडकीतून नीट ‘एक्झिट’ लिहून बाहेर पडलं, तरी बाकी असलेलं आपोआप कमिट होतं, हेही लक्षात असू द्या.

एवढंच आहे की अजून आहे?

सोलापूरचा कांदा बाजार हंगामात भरला की एका अडत दुकानाच्या दिवसाच्या पावत्या काहीशे होतात. समजा ६४० आहेत. डीबीव्हर या टूलमध्ये सिलेक्ट चालवलं की मुळात २०० ओळी येतात. पीएचपीमायअॅडमिन एका पानावर २५ दाखवतो. मायएसक्यूएल वर्कबेंच १,००० वर थांबतो. डीबीव्हर वापरणारा माणूस ग्रिडमधला (निकालाच्या तक्त्यातला) गोण्यांचा कॉलम उचलतो, एक्सेलमध्ये चिकटवतो, बेरीज करतो. ती बेरीज २०० पावत्यांची असते, आणि हमाली-तोलाईचा हिशेब जुळत नाही.

मर्यादा लावणं बरोबरच आहे; लाखो ओळी ब्राउझरमध्ये ओतल्या तर मशिन गळपटेल. ‘२०० ओळी’ एवढंच लिहिणं मात्र चूक आहे. वाक्य ‘पहिल्या २०० ओळी दाखवल्या आहेत, पुढे आणखी आहेत’ असं हवं. ‘आणखी आहेत’ हे कळायला पूर्ण मोजणी लागत नाही. मर्यादेपेक्षा एक ओळ जास्त मागायची, २०१. दोनशे एकावी आली तर ती दाखवायची नाही, फक्त वाक्य बदलायचं. पूर्ण मोजणी हे वेगळं बटण ठेवावं, कारण पोस्टग्रेसमध्ये मोठ्या टेबलच्या सगळ्या ओळी मोजायच्या म्हणजे तो खरंच टेबल किंवा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) वाचत सुटतो. पीएचपीमायअॅडमिनमध्ये मोठ्या इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण प्रकार) टेबलच्या आकड्याआधी तरंगरेषा (~) दिसते. तो अंदाज असतो. अंदाज दाखवायला हरकत नाही, त्याच्यापुढे ‘सुमारे’ लिहिलेलं असेल तर. आणि ग्रिडमधून कॉपी करताना, एक्सपोर्ट करताना टूलने पुन्हा विचारावं: दिसणाऱ्या २०० की सगळ्या? चूक नेमकी त्याच क्षणी होते.

सिलेक्टच्या निकालाला ‘रोज अफेक्टेड’ म्हणणारी टूलं आहेत. पोस्टग्रेसच्या पीजीअॅडमिन या टूलच्या संदेशात ते येतं. नवशिका ते वाचून ‘मी काही बदललं का’ म्हणून दचकतो. वाचलेल्या ओळींसाठी ‘मिळाल्या’, बदललेल्यांसाठी ‘बदलल्या’. एसक्यूएल प्लसमध्ये आणखी एक गंमत नव्हे, नियम आहे: फीडबॅकची मूळ सेटिंग ६ आहे, म्हणजे सिलेक्टमधून सहापेक्षा कमी ओळी आल्या तर खाली ओळींची संख्या छापलीच जात नाही. निकाल फाइलमध्ये साठवून दुसऱ्या प्रोग्रामने ती संख्या वाचायची असेल, तर फीडबॅक १ करून घ्या.

वेळ

वेळ दाखवताना दोन तुकडे करावेत. वर्कबेंच ‘ड्युरेशन’ आणि ‘फेच’ वेगळे दाखवतो: पहिला सर्व्हरने उत्तर तयार करायला घेतलेला, दुसरा ओळी इकडे आणायला लागलेला. होटगी रोडच्या गोदामातून पुण्यातल्या सर्व्हरवर क्वेरी चालत असेल आणि फेच मोठा असेल, तर इंडेक्स घालून उपयोग नाही; कमी कॉलम मागवा. पोस्टग्रेसच्या काळ्या खिडकीतलं टायमिंग नेटवर्कची ये-जा धरून असतं. सर्व्हरचा आतला वेळ हवा तर ‘एक्स्प्लेन अॅनालाइझ’ लागतो, पण तो क्वेरी खरोखर चालवतो. अपडेटवर तो दिला तर ओळी खरंच बदलतात. टूलमध्ये त्याचं बटण असेल तर बदलाच्या क्वेरीला ते आपोआप ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी रोलबॅक करावं, आणि तसं केल्याचं सांगावं.

घड्याळातली वेळही लिहावी. तीच क्वेरी दुसऱ्यांदा चालवली आणि उत्तर तंतोतंत तेच आलं, तर ‘१२ ओळी मिळाल्या’ हे आत्ताचं की मघाचं? ‘दुपारी ३:४२:१०’ शेजारी असलं की शंका राहत नाही. जुने संदेश पुसू नयेत, खाली सरकवावेत.

इशारे आणि चुका

मायएसक्यूएल ‘वॉर्निंग्ज ३’ एवढंच सांगतो. त्या काय आहेत ते ‘शो वॉर्निंग्ज’ने विचारावं लागतं, आणि पुढची क्वेरी चालली की ती यादी जाते. इथे टूल स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. क्वेरी संपली की डावीकडची टेबलांची यादी ताजी करायला त्याच जोडणीवर आणखी एक क्वेरी सोडतात, आणि इशारे वाचायच्या आधी नाहीसे होतात. इशारे त्याच जोडणीवर, ताबडतोब, दुसरं काहीही करण्याआधी वाचा. यादी ताजी करायला वेगळी जोडणी ठेवा. एसक्यूएल सर्व्हरच्या रोकाउंटचंही तसंच: मध्ये एक प्रिंट जरी आलं तरी तो शून्य होतो. लगेच व्हेरिएबलमध्ये उचलून घ्यावा.

चुकीचा संदेश मराठीत समजावून सांगा, पण सर्व्हरचा मूळ संदेश आणि कोड त्याखाली जसाच्या तसा ठेवा. ‘ही पावती आधीच नोंदलेली आहे’ हे वापरणाऱ्यासाठी. पोस्टग्रेसचा २३५०५ हा कोड मदतीला येणाऱ्यासाठी. नुसतं ‘काहीतरी चुकलं’ लिहिलं तर दोघांचाही वेळ जातो. चांगल्या संदेशाने किती फरक पडतो हे एसक्यूएल सर्व्हरनेच दाखवलंय. मजकूर कॉलममध्ये मावत नसेल तर वर्षानुवर्षं ८१५२ नंबरची चूक यायची: मजकूर कापला जाईल. कुठल्या कॉलममधला, कुठला मजकूर, काही नाही. चाळीस कॉलमांची फाइल असेल तर एकेक करून शोधायचं. २०१९ च्या आवृत्तीपासून २६२८ नंबरची चूक येते, आणि ती टेबल, कॉलम आणि न मावलेलं मूल्य तिन्ही सांगते. आपल्या टूलमधल्या तपासणीलाही हेच माप लावा.

चुकीची जागा दाखवणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. पोस्टग्रेस चुकीचं स्थान अक्षरचिन्हांत मोजून पाठवतो, बाइटमध्ये नाही. क्वेरीत आधी ‘सोलापूर’ हा शब्द आला असेल आणि टूलने ते स्थान बाइट समजून बाण काढला, तर तो १४ बाइट अलीकडे पडतो, आणि माणूस निर्दोष शब्द तपासत बसतो. इंग्रजी डेटावर चाचणी केली तर ही चूक कधीच दिसत नाही. क्वेरीचा फक्त निवडलेला भाग चालवला असेल, तर सर्व्हरचं स्थान त्या भागापासूनचं असतं. निवड जिथून सुरू झाली तेवढं त्यात मिळवायला हवं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ओळ क्रमांक ‘गो’ने तोडलेल्या तुकड्यापासून मोजला जातो, पूर्ण फाइलपासून नाही.

एका फाइलमध्ये पाच क्वेऱ्या असतील आणि तिसरी चुकली, तर पुढचं काय हे प्रत्येक टूल वेगळं ठरवतं. मायएसक्यूएलची काळी खिडकी फाइल चालवताना पहिल्या चुकीला थांबते. पोस्टग्रेसची तशी सेटिंग दिली नाही तर पुढे चालत राहते. म्हणून निकाल पाचही क्वेऱ्यांचा वेगवेगळा हवा: पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी चुकली, चौथी-पाचवी चालवल्याच नाहीत. ‘चालवल्या नाहीत’ ही अवस्था बहुतेक स्क्रीनवर नसतेच.

उत्तरच आलं नाही तर

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. क्वेरी पाठवली, लाइट गेली किंवा नेट तुटलं, आणि टूल म्हणतं ‘क्वेरी अयशस्वी’. हे खोटं असू शकतं. कमिट सर्व्हरपर्यंत पोचून पूर्ण झालेलं असेल आणि फक्त त्याचं उत्तर वाटेत हरवलं असेल. वर्कबेंचमधली २०१३ नंबरची ‘लॉस्ट कनेक्शन’ चूक तर कित्येकदा नेट तुटल्याने येतच नाही. वर्कबेंचची वाट पाहायची मुदत संपते म्हणून ती येते, आणि सर्व्हरवर क्वेरी तशीच चालू राहू शकते. माणूस ‘अयशस्वी’ वाचून पुन्हा चालवतो, आणि एकाच शेतकऱ्याच्या नावावर दोन पावत्या पडतात.

म्हणून अवस्था तीन हव्यात: झालं, नाही झालं, कळलं नाही. तिसऱ्या अवस्थेत वाक्य असं: ‘सर्व्हरचं उत्तर आलं नाही. बदल झाला असण्याची शक्यता आहे. पुन्हा चालवण्याआधी पावती क्र. … शोधून पाहा.’ आणि शेजारी ती पावती शोधणारं बटण. पावती क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) असेल तर दुसरी नोंद सर्व्हर आपणहून नाकारेल. ते बंधन नसेल तर आधी ते घाला. पोस्टग्रेसमध्ये याहून पक्का मार्ग आहे. कमिटच्या आधी चालू ट्रान्झॅक्शनचा क्रमांक विचारून ठेवायचा, आणि जोडणी परत आल्यावर ‘टीएक्सआयडी स्टेटस’ या फंक्शनला तो द्यायचा. तो सांगतो: कमिट झालं, रद्द झालं, की अजून चालू आहे. ही सोय १० व्या आवृत्तीपासून आहे.

रद्द करण्याच्या बटणालाही हेच लागू. ‘रद्द’ दाबल्यावर लगेच ‘रद्द झालं’ लिहू नका. ‘रद्द करण्याची विनंती पाठवली’ लिहा, आणि सर्व्हरकडून पक्कं उत्तर (पोस्टग्रेसमध्ये कोड ५७०१४) आल्यावरच ‘रद्द झालं’. मायएसक्यूएल, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरवर मोठी अपडेट निम्म्यात थांबवली तर केलेले बदल मागे घ्यायला सर्व्हरला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ लॉक सुटत नाहीत. नुसती खिडकी बंद करणं म्हणजे रद्द करणं नव्हे. क्लायंट गेलाय हे पोस्टग्रेसच्या बऱ्याचदा उत्तर पाठवताना लक्षात येतं. १४ व्या आवृत्तीपासून ते मध्येमध्ये तपासायची सेटिंग आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

मराठी वाक्य

संदेश मराठीत लिहिताना आकडा आणि शब्द नुसते जोडले की ‘१ ओळी बदलल्या’ होतं. ‘१ ओळ बदलली’, ‘० ओळी बदलल्या’, ‘१२ ओळी बदलल्या’ अशी पूर्ण वाक्यं वेगवेगळी ठेवा, कारण क्रियापदही बदलतं. ‘रेकॉर्ड’ घेतलात तर लिंग बदलून पुन्हा सगळं बदलेल. मी ‘ओळ’ किंवा ‘नोंद’ वापरतो, दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने एकाच साच्यात बसतात. मोठे आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामाने दाखवा: १२,३४,५६७. ब्राउझरमध्ये मराठी-भारत लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) दिलं तर आकडे देवनागरीत आणि योग्य स्वल्पविरामासह येतात. इंग्रजी-भारत दिलं तर स्वल्पविराम तेच, आकडे इंग्रजी. हिशेबनिसांना कुठले हवेत ते विचारून ठरवा, पण कॉपी केल्यावर एक्सेलमध्ये आकडा आकडाच राहिला पाहिजे, म्हणून क्लिपबोर्डवर स्वल्पविराम नसलेले इंग्रजी आकडे ठेवा. नल (मूल्यच नसणं) आणि रिकामा मजकूर ग्रिडमध्ये वेगळे दिसायला हवेत. फिकट अक्षरांत ‘नल’ लिहिलेलं पुरतं.

निकालात मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर टूलने ती नुसती दाखवून सोडू नयेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एन-व्हारकॅर (सगळ्या लिप्यांचा मजकूर ठेवणारा प्रकार) नसेल, किंवा मजकुराच्या अवतरणाआधीचा एन राहिला असेल, तर सहसा लिहितानाच अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. म्हणून हे वाचताना नव्हे, इन्सर्टच्या वेळीच पकडा: आत्ता घातलेली ओळ लगेच परत वाचून पाठवलेल्या मजकुराशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर कमिट करण्याआधी थांबा. सीएसव्ही बाहेर काढताना यूटीएफ-८ च्या सुरुवातीची बीओएम खूण घाला. ती नसेल तर एक्सेल फाइल थेट उघडल्यावर ‘नवी पेठ’च्या जागी विचित्र चिन्हं दाखवतं, आणि डेटा खराब झाला असं समजून माणूस चांगल्या नोंदी पुन्हा टाइप करायला बसतो.